टांग्यातून सुटल्यावर : ठाणे-कल्याण परिसरातील घोड्यांचे उत्तरायुष्य

गाडी ओढणाऱ्या घोड्याचे आयुर्मान आणि त्याचे कामाचे वय यांचा मेळ कधीच बसत नाही; ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील टांग्यांचा इतिहास समजून घेताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. नीट निगा राखलेला घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. चौथ्या-पाचव्या वर्षी तो गाडीला जुंपण्याजोगा होतो आणि दगडी किंवा डांबरी रस्त्यावर रोज धावणाऱ्या घोड्याचे पाय पंधरा-सोळा वर्षांच्या आसपास थकू लागतात. म्हणजे चांगल्या जनावराच्या वाट्याला कामानंतरची किमान दहा वर्षे उरतात, त्या काळात त्याला दाणा, वैरण, पाणी, नालबंद आणि वैद्य हे सर्व पूर्वीइतकेच लागते, आणि मालकाच्या हाती मात्र दिवसाकाठी एक पैसाही पडत नाही. या वर्षांत घोडा कोणाच्या दारी बांधला जावा, त्याला नवे घर कोणी शोधावे आणि त्या घराचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नांची उत्तरे या परिसराने वेगवेगळ्या काळात वेगवेगळी दिली. ती उत्तरे एकत्र ठेवून पाहिली तर असे दिसते की घोड्याचे उत्तरायुष्य मालकाच्या दयाळूपणावर जितके अवलंबून होते, त्याहून कितीतरी अधिक ते कामाबाहेरच्या चाऱ्याची तजवीज करणारी एखादी व्यवस्था अस्तित्वात आहे की नाही यावर अवलंबून होते.

ठाण्याचा घोड्याशी संबंध टांग्याहून फार जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचे जे वर्णन केले, त्यात तेथील राजाने समुद्री चाच्यांशी केलेल्या एका कराराचा उल्लेख येतो: लुटीतील इतर माल चाच्यांनी ठेवावा, परंतु जहाजांवर सापडणारे घोडे राजाला द्यावेत. अरबस्तान आणि इराणच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या घोड्यांवर पश्चिम किनाऱ्याची बंदरे त्या काळी किती अवलंबून होती, हे या एका तपशिलावरून कळते. कोकणाच्या दमट हवेत घोड्यांची पैदास नीट होत नाही. घाटावर भीमेच्या खोऱ्यात भीमथडी जातीचे काटक, आखूड बांध्याचे घोडे निपजत आणि मराठ्यांच्या घोडदळाची मोठी भिस्त त्यांच्यावर होती, पण किनारपट्टीला जनावर बाहेरूनच आणावे लागे. जे बाहेरून विकत आणायचे, ते महाग असते आणि महाग वस्तूची निगा तिचा उपयोग असेपर्यंत राखली जाते. उपयोग संपल्यानंतरच्या निगेसाठी वेगळा नियम लागतो.

असा नियम प्राचीन राज्यशास्त्राला ठाऊक होता. कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या, म्हणजे राजाच्या घोड्यांवरील अधिकाऱ्याच्या, कर्तव्यांचे जे प्रकरण आहे त्यात युद्ध, रोग किंवा म्हातारपण यांमुळे कामाला निरुपयोगी झालेल्या घोड्यांना पोटापुरता शिधा चालू ठेवण्याची तरतूद आहे, आणि युद्धाला न चालणाऱ्या घोड्यांचा नगरवासी व ग्रामीण लोकांच्या घोड्यांच्या पैदाशीसाठी उपयोग करावा, असेही सांगितले आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर तेथे निवृत्तिवेतनही आहे आणि नवे घरही. ही तरतूद शक्य होण्याचे कारण साधे आहे: घोडा राजाचा होता आणि कोठारही राजाचे होते. मराठेशाहीत हा भेद अधिक उघड झाला. सरकारी पागेतील घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला बारगीर म्हणत आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्याला शिलेदार. बारगिराचा घोडा म्हातारा झाला तर तो पागेचा प्रश्न असे. शिलेदाराचा घोडा म्हातारा झाला की नवा घोडा विकत घेण्याचा आणि जुना सांभाळण्याचा दुहेरी भार त्या एकट्यावर येई. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील टांगेवाला या दृष्टीने शिलेदाराचाच वारस ठरतो, कारण परवाना सरकारचा, रस्ता नगरपालिकेचा, प्रवासी रेल्वेचे, परंतु घोडा मात्र पूर्णपणे त्याचा होता.

हा टांगेवाला रेल्वेने घडवला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली, १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला आणि पुढील काही वर्षांत एक फाटा कसाऱ्याच्या दिशेने व दुसरा खोपोलीच्या दिशेने वाढत गेल्यावर कल्याण हे मोठे जंक्शन झाले. स्थानके जुन्या वस्तीपासून दूर होती. कल्याणात स्थानक एका टोकाला आणि पारनाका, दूधनाका, दुर्गाडी हा जुना भाग दुसऱ्या टोकाला होता. ठाण्यात टेंभी नाका, चरई आणि कोर्टाचा परिसर गाठायचा तर सामानसुमानासह चालणे सोयीचे नव्हते. हे अंतर टांग्याने भरून काढले. टांगा म्हणजे दोन चाकांची, छत असलेली, एका घोड्याने ओढायची गाडी, जिच्यात पुढे चालक व एखादा प्रवासी आणि मागे पाठमोरे प्रवासी बसतात. दोन चाकांमुळे ती अरुंद गल्लीत वळते, पण त्याच कारणाने तिच्या भाराचा तोल बिघडला की तो घोड्याच्या पाठीवर किंवा पोटपट्ट्यावर येतो. प्रवासी मागे अधिक आणि पुढे कमी बसले तर दांड्या वर उचलल्या जातात आणि पट्टा घोड्याच्या छातीखाली काचतो. जुन्या टांग्याच्या घोड्याच्या अंगावर जे व्रण दिसत, त्यांतील बरेचसे चाबकाचे नसून अशा साजाचे असत.

मुंबई शहराची मागणी याहून मोठी होती. ९ मे १८७४ रोजी तेथे घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली तेव्हा ती चालवणाऱ्या कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे असल्याचे सांगितले जाते, आणि उन्हाच्या दिवसांत त्यांच्या डोक्यावर टोप्या घातल्या जात. या घोड्यांशिवाय व्हिक्टोरिया व शिग्राम या घोडागाड्या, खासगी बग्ग्या आणि पोलीस व लष्कर यांचे घोडे होतेच. या साऱ्यांना लागणारे गवत शहरात उगवत नव्हते. ठाणे जिल्ह्यातील भातशेतीच्या कडेच्या वरकस जमिनी, म्हणजे भात न पिकणारी उंचवट्याची माळरानाची जमीन, गवतासाठी राखली जाई आणि पावसाळ्यानंतर कापलेले गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. कल्याण, भिवंडी आणि मुरबाड या भागाचे घोड्याशी नाते त्यामुळे दोन अंगांनी होते: येथे घोडा धावत होता, आणि शहरात धावणाऱ्या घोड्याचे पोट येथील माळांवर अवलंबून होते. हे दुसरे नाते इतिहासलेखनात क्वचितच नोंदले जाते, पण पुढे घोड्यांच्या आश्रयस्थानांची जागा कोठे निवडली गेली याचे स्पष्टीकरण त्यातच सापडते.

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम आली. त्याआधीच घोड्यांची ट्राम थांबली होती. एका यंत्रामुळे शेकडो घोडे कामाबाहेर जाण्याची या परिसरातील ती पहिली मोठी वेळ होती. अशा वेळी घोडे नाहीसे होत नाहीत, ते हात बदलतात. घोड्यांच्या बाजारात एक उतरती शिडी सर्वत्र दिसते. उमद्या जनावराची पहिली वर्षे श्रीमंताच्या बग्गीत किंवा शर्यतीच्या मैदानावर जातात, तेथून तो भाड्याच्या व्हिक्टोरियाला येतो, तेथून लहान गावाच्या टांग्याला, आणि शेवटी मालवाहू गाडीला. प्रत्येक पायरीवर किंमत घटते, विकत घेणाऱ्याची ऐपत घटते आणि म्हणून दाण्याचा दर्जाही घटतो, तर घोड्याचे वय आणि दुखणी मात्र वाढत जातात. घोड्याला अधिक निगेची गरज जेव्हा असते, तेव्हाच तो सर्वांत कमी निगा परवडणाऱ्या माणसाच्या हाती पडतो. टांगेवाला निर्दय होता असे यातून म्हणता येत नाही. त्याने विकला नाही तर नव्या घोड्यासाठी पैसा उभा राहत नव्हता, आणि नवा घोडा नसेल तर दोघांचीही उपासमार ठरलेली होती.

या हस्तांतराची स्वतःची विद्या होती. गिऱ्हाईक आधी घोड्याचे दात पाही, कारण पाचव्या वर्षापर्यंत त्याचे पक्के दात पुरे होतात आणि खालच्या पुढच्या दातांवरील खोलगट खुणा साधारण आठव्या वर्षापर्यंत झिजून जातात. त्यानंतर वय सांगणे अंदाजाचे काम होते. या अंदाजाचा फायदा घेऊन दातांवर कानस व डाग यांच्या साहाय्याने खोट्या खुणा पाडण्याची लबाडी जगभरच्या घोडेबाजारांत झालेली आहे. दातांनंतर पाय पाहिले जात: खूर उष्ण आहे का, सांध्यावर सूज आहे का, दुडक्या चालीत, म्हणजे मध्यम धावेत, मान एका बाजूने खाली जाते का. लंगडणारा घोडा दुखऱ्या पायावर भार येताच मान वर उचलतो, त्यामुळे जाणकार माणूस पायाऐवजी मानेकडे बघतो. मग खोड, म्हणजे चावणे, लाथ मारणे, गाड्यांना बुजणे किंवा मागे सरकणे यांसारखी वाईट सवय, विचारली जाई आणि बहुधा लपवली जाई. इसार म्हणून काही रक्कम दिली की व्यवहार पक्का होई.

परीक्षेचा आणखी एक भाग भोवऱ्यांचा होता. घोड्याच्या अंगावर केस जेथे चक्राकार फिरतात त्या जागेला भोवरा म्हणतात, आणि अश्वविद्येच्या शालिहोत्र परंपरेपासून आजच्या सारंगखेड्याच्या बाजारापर्यंत भोवऱ्यांच्या जागेवरून घोडा शुभ की अशुभ हे ठरवले जाते. गळ्याच्या खालच्या बाजूचा देवमण शुभ मानतात. चारही पाय व तोंड पांढरे असलेल्या पंचकल्याणी घोड्याला वरातीसाठी मोठी मागणी असते. या समजुतींचा परिणाम घोड्याच्या नशिबावर खरोखरच होतो, आणि तो अन्यायाचा आहे. निरोगी, शांत, वयाने तरुण घोडा केवळ अशुभ ठिकाणच्या भोवऱ्यापायी घरगुती गिऱ्हाइकाला नकोसा होतो आणि सरळ मालवाहू गाडीच्या पायरीवर जातो, तर दुखऱ्या पायांचा पांढरा घोडा वरातीच्या हंगामात रात्री-अपरात्री बँडच्या आणि फटाक्यांच्या आवाजात उभा राहतो. केसांच्या वळणाने घर ठरावे, हे घोड्याच्या दृष्टीने दात पाहून वय ठरवण्याहून फार वाईट आहे.

महाराष्ट्रातील घोड्यांचे मोठे बाजार घाटावर आणि खानदेशात भरतात. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत घोड्यांची खरेदी-विक्री होते. कल्याणला जवळची जनावरांची यात्रा मुरबाड तालुक्यातील म्हशाची, पण पौष पौर्णिमेला भरणारा तो बाजार मुख्यतः बैलांचा. त्यामुळे टांग्याचे घोडे दलालांमार्फत किंवा एका टांगेवाल्याकडून दुसऱ्याकडे ओळखीने जात. ओळखीच्या या व्यवहाराला एक चांगली बाजू होती: विकलेला घोडा त्याच स्थानकावर रोज दिसे, आणि नव्या मालकाने त्याला उपाशी ठेवले तर जुन्या मालकाला ते कळे. दूरच्या बाजारात दोरी दुसऱ्याच्या हाती गेली की हा डोळा मिटत असे.

शिडीच्या शेवटच्या पायरीखाली काय होते, याचे उत्तर या भागात पांजरपोळ असे होते. म्हाताऱ्या, लुळ्या आणि टाकून दिलेल्या जनावरांना मरेपर्यंत सांभाळणारी, प्रामुख्याने जैन व वैष्णव व्यापाऱ्यांनी चालवलेली संस्था म्हणजे पांजरपोळ. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढल्यावर पारशी समाजाच्या पुढाकाराने मोठा दंगा झाला. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तिची सर्वांत महत्त्वाची बाब तिची आर्थिक रचना होती. कापूस, साखर, अफू यांसारख्या मालाच्या व्यवहारांवर व्यापाऱ्यांनी स्वतःहून एक छोटी पट्टी बसवली, तिला लागा म्हणत, आणि त्यातून जनावरांचा चारा चाले. जनावराच्या मालकाकडून त्याच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च वसूल करायचा नाही, तो बाजारपेठेने मिळून उचलायचा, हे तत्त्व त्या काळात जगात फार थोड्या ठिकाणी मान्य होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांची ही कामगिरी त्यांच्या धर्मशाळा व दवाखान्यांइतकीच मोठी मानली पाहिजे.

शहरात जागा अपुरी पडू लागल्यावर पांजरपोळीने गवताच्या दिशेने पाय पसरले. चेंबूर येथे तिची मोठी शाखा झाली आणि ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळ मुरबाडच्या वाटेवरील रायते व भिवंडी तालुक्यातील लोनाड येथेही तिच्या जमिनी आल्या. ज्या माळांवरचे गवत मुंबईच्या कामाच्या घोड्यांकडे जात होते, त्याच माळांकडे शहरातली निकामी जनावरे येऊ लागली, कारण चारा वाहून नेण्यापेक्षा जनावर चाऱ्याजवळ ठेवणे स्वस्त पडते. मात्र पांजरपोळ मुख्यतः गाईगुरांची राहिली. गाईचा गोठा आणि घोड्याचा तबेला या वेगळ्या गोष्टी आहेत: गाय रवंथ करते आणि जाड वैरणीवर निभावते, घोड्याचे पोट नाजूक असते, बुरशी आलेल्या गवताने त्याला पोटशूळ होतो, आणि घोड्याला उलटी होत नसल्याने तो पोटशूळ प्राणावर बेततो. शिवाय त्याचे खूर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावे लागतात. नालबंद नसलेल्या आश्रयस्थानात घोडा जिवंत राहतो, पण त्याला उभे राहणे हेच दुखणे होऊन बसते.

पांजरपोळीवर एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी कठोर टीका केली. असाध्य वेदनेत असलेले जनावर वर्षानुवर्षे जगवण्यापेक्षा त्याला गोळी घालणे अधिक दयेचे, असे त्यांचे म्हणणे होते. जीव घेण्याचा अधिकार माणसाला नाही, असे संस्थाचालकांचे उत्तर होते. या वादाच्या पार्श्वभूमीवर १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली, परळ येथे दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालयाची कल्पना पांजरपोळीहून वेगळी होती. येथे घोडा बरा होऊन कामावर परत जाणे अपेक्षित होते. जखमी घोड्याला जुंपणाऱ्या चालकावर खटला होई आणि घोडा बरा होईपर्यंत रुग्णालयात राही. १८९० च्या कायद्याने अशा जनावरांना उपचारगृहात ठेवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला दिला. परंतु बरा होऊ शकणार नाही आणि मरणारही नाही, अशा मधल्या घोड्यासाठी रुग्णालयात जागा नव्हती, आणि टांग्याचे बहुतेक घोडे याच मधल्या गटात मोडत.

जगातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतात. लंडनमध्ये १८८६ मध्ये ॲन लिंडो यांनी घोड्यांसाठी विश्रामगृह काढले आणि गरीब गाडीवानाचा थकलेला घोडा तेथे विसावा घेत असताना त्याला अल्प मोबदल्यात संस्थेचा दुसरा घोडा वापरायला देण्याची पद्धत सुरू केली. घोड्याच्या विश्रांतीमुळे गाडीवानाची चूल बंद पडू नये, ही जाण त्यामागे होती. दुसरे उदाहरण कैरोचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेने इजिप्तमध्ये विकून टाकलेले घोडे १९३० मध्ये डोरोथी ब्रुक यांना तेथील रस्त्यांवर मालवाहू गाड्या ओढताना दिसले. त्यांनी वृत्तपत्रातून आवाहन करून निधी जमवला, सुमारे ५,००० घोडे विकत घेतले आणि १९३४ मध्ये रुग्णालय स्थापन केले. त्यांतील बहुतेक घोडे इतके खंगलेले होते की त्यांना काही दिवस मऊ बिछान्यावर विश्रांती व पोटभर चारा देऊन वेदनारहित मृत्यू देण्यात आला. मुंबईच्या पांजरपोळीला हा मार्ग मान्य झाला नसता. तरीही दोन्हींकडे एक गोष्ट समान दिसते: घोडा विकत घेऊन त्याला बाजाराबाहेर काढल्याशिवाय उतरती शिडी थांबत नाही.

महाराष्ट्रात घोड्याला आणखी एक वेगळे घर मिळाले, ते प्रयोगशाळेचे. सर्पदंशावरील आणि धनुर्वातावरील प्रतिविष तयार करण्यासाठी घोड्याच्या शरीरात थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातील प्रतिकारद्रव्य काढले जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम दीर्घकाळ चालले. पूनावाला घराण्याच्या पैदास केंद्रातील निवृत्त शर्यती घोडे या संस्थेला दिले जात, आणि त्याच अनुभवातून १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. या घोड्यांना दाणा आणि वैद्य नियमित मिळतात, आणि त्यांच्या रक्ताने असंख्य माणसे वाचली आहेत. तरी ते निवृत्तीचे घर नव्हे, ते दुसरी नोकरी आहे, हे विसरता कामा नये.

ठाणे-कल्याण परिसरात टांगा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भरात होता. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि कल्याण स्थानकावरील वर्दळ एकदम वाढली. टिटवाळ्याला महागणपतीच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांना स्थानकापासून मंदिरापर्यंत नेण्याचे काम टांगे पुढेही अनेक वर्षे करीत राहिले. नंतर ऑटोरिक्षा आली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात येईपर्यंत डोंबिवली व ठाण्याच्या रस्त्यांवर टांग्याचे दिवस सरत आले होते. टांगे बंद व्हावेत असा येथे कोणताही मोठा न्यायनिर्णय किंवा सोहळा झाला नाही. टांगेवाल्याच्या मुलाने रिक्षाचा परवाना काढला, घोडा विकला, आणि परवान्याची नोंद कार्यालयात राहिली, घोड्याची कोठेच राहिली नाही. या परिसरातील शेकडो घोड्यांच्या अखेरच्या वर्षांचा लेखी पुरावा नसण्याचे हे मुख्य कारण आहे.

कायदा या काळात बदलत होता. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या कलम ११ नुसार जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, कामास अयोग्य जनावर जुंपणे आणि त्याला हाल होतील अशा स्थितीत टाकून देणे हे गुन्हे ठरले. १९६५ च्या नियमांनी ओढकामाच्या जनावराकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक व सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास, तसेच जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला जुंपण्यास मनाई केली. हे नियम चांगले आहेत, परंतु ते कामाच्या घोड्यासाठी आहेत. काम संपलेल्या घोड्याबद्दल कायदा एवढेच सांगतो की त्याला टाकू नका; त्याला कोठे न्यावे हे तो सांगत नाही.

ही उणीव ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरियांबाबत दिलेल्या निकालानंतर ठळकपणे पुढे आली. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ए. के. मेनन यांच्या खंडपीठाने केवळ मौजेसाठी घोडागाड्या चालवणे बेकायदा ठरवले, त्या टप्प्याटप्प्याने बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली आणि पुनर्वसनाचा प्रश्न राज्य शासनापुढे ठेवला. न्यायमूर्ती ओक यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात केली होती, त्यामुळे या निकालाला ठाण्याचाही एक धागा आहे. पुढील चर्चेत परवानाधारकांची संख्या, एकरकमी भरपाई आणि फेरीवाल्यांचे परवाने यांवर बरीच वर्षे घालवली गेली, आणि २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. चालकांच्या कुटुंबांची ही काळजी योग्यच होती. मात्र माणसाची भरपाई आणि घोड्याची सोय यांचा हिशेब वेगवेगळा ठेवल्याने एक विसंगती निर्माण झाली: ज्याचे उत्पन्न थांबले त्याच्याच तबेल्यात घोडा उभा राहिला. भरपाईची रक्कम घोडा मान्यताप्राप्त आश्रयस्थानाकडे सोपवल्याच्या पावतीशी जोडली असती, तर दोन्ही प्रश्न एकत्र सुटण्याची शक्यता अधिक होती.

कामाबाहेर पडलेल्या घोड्यांसाठी या परिसरात आज जे मार्ग उघडे दिसतात, त्यांत वराती, समुद्रकिनाऱ्यावरील फेऱ्या आणि माथेरानसारखी थंड हवेची ठिकाणे येतात. १८५० मध्ये ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी प्रसिद्धीस आणलेल्या माथेरानात मोटारींना बंदी असल्याने घोडा अजूनही प्रवासी व सामान वाहतो. याहून वाईट मार्ग महामार्गांवर रात्री चोरून होणाऱ्या घोडागाडी शर्यतींचा आहे, ज्यांवर पोलिसांनी वेळोवेळी गुन्हे नोंदवले आहेत. तेथे घोडा काही मिनिटांसाठी विकत घेतलेला असतो, असे म्हटले तरी चालेल.

चांगल्या घराच्या अटी मात्र जुन्याच आहेत आणि त्या मोजता येतात. तीनशे किलो वजनाच्या टांग्याच्या घोड्याला रोज पाच-सहा किलो कोरडा, बुरशी नसलेला चारा, तीस लिटरच्या आसपास स्वच्छ पाणी, पावसाळ्यात पाय कोरडे राहतील अशी उंच जमीन, आणि दुसऱ्या घोड्याची संगत लागते, कारण घोडा कळपाचा प्राणी आहे आणि एकटा बांधलेला घोडा खाणे कमी करतो. कष्टाच्या घोड्याला मिळणारी चंदी, म्हणजे हरभऱ्यासारखा भिजवलेला दाणा, काम थांबल्यावर हळूहळू कमी करावी लागते. ती तशीच चालू ठेवली तर खुरांच्या आतील भागाला सूज येते. घर बदलण्यापूर्वी ग्लँडर्सची रक्ततपासणी अत्यावश्यक आहे. हा जिवाणूजन्य, माणसालाही होणारा रोग २००६ मध्ये पुणे व पाचगणी येथील घोड्यांत पुन्हा आढळला होता, आणि एका आजारी घोड्याने संपूर्ण आश्रयस्थान धोक्यात येते. तपासणीचे पैसे वाचवून केलेली दया इतर घोड्यांवर अन्याय करते.

सर्वांत महत्त्वाची अट हस्तांतराच्या स्वरूपाची आहे. घोडा विकला की नव्या मालकाला तो पुन्हा विकण्याचा पूर्ण हक्क मिळतो, आणि जुन्या मालकाने तोंडी घेतलेले वचन पहिल्या विक्रीतच संपते. म्हणून अनेक प्राणिसंस्था घोडा देताना मालकी स्वतःकडे ठेवून केवळ ताबा देतात, त्याला पुन्हा न जुंपण्याची व न विकण्याची लेखी हमी घेतात, पाहणीचा हक्क राखतात आणि सांभाळणे शक्य न झाल्यास घोडा संस्थेकडेच परत करण्याची अट घालतात. स्थानकावरच्या ओळखीच्या व्यवहारात जुन्या मालकाची जी नजर घोड्यावर राही, तीच येथे कागदावर उतरवलेली असते. मात्र अशी हमी देणाऱ्याकडे जमीन असावी लागते, आणि कल्याण, डोंबिवली, ठाणे येथील वरकस जमिनींवर आता गृहसंकुले व गोदामे उभी आहेत. गवताचा माळ अजून शिल्लक आहे तो मुरबाड व शहापूर तालुक्यांत, आणि घोड्यांचे अनुभवी वैद्य मात्र परळला व महालक्ष्मीच्या शर्यतमैदानाजवळ आहेत. पांजरपोळीच्या लाग्यासारखी बाजारपेठेवरची पट्टी आता नाही. तिच्या जागी एखाद्या संस्थेचा वर्षभराच्या चाऱ्याचा निधी आणि मुरबाडकडील माळावर नियमित जाणारा नालबंद व पशुवैद्य, एवढी व्यवस्था झाली तरी या परिसरातील उरल्यासुरल्या घोड्यांचा प्रश्न सुटण्याच्या आवाक्यात आहे, कारण त्यांची संख्या आता थोडी आहे.